फोटोतल्या पापण्या

नाशिकरोडला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड आणि श्रद्धांजलीचे फोटो. या शेवटच्या कामाला लोक घाईत येतात, मोबाइलमधला कुठल्यातरी लग्नातला फोटो दाखवतात आणि म्हणतात, मागची माणसं काढून टाका. मी काढते. खांद्यावर कुणाचा हात असेल तर तोही पुसते. त्याचं आता काही वाटत नाही.

गेल्या वर्षी माझा मॉनिटर बंद पडला. नवा येईपर्यंत चालवून घे म्हणून दिरांनी त्यांच्याकडचा जुना टीव्ही आणून दिला आणि तोच मी कॉम्प्युटरला जोडला. चित्र मोठं, रंगही झकास. फक्त बारीक अक्षरांच्या शिरोरेषा थरथरल्यासारख्या वाटायच्या. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

त्याच आठवड्यात एकलहऱ्याहून एक बाई मुलाला घेऊन आल्या. साठीच्या असतील. त्यांचे यजमान तिथल्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, आजारी होते, नुकतेच गेले. दुसऱ्या दिवशी दहावा होता, त्यासाठी फोटो हवा होता. मुलाने निवृत्तीच्या समारंभातला फोटो दिला. गळ्यात हार, चेहऱ्यावर थोडं अवघडलेपण. हार काढून मी शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ करत होते. मावशी शेजारच्या स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत होत्या.

"थांब गं," त्या एकदम म्हणाल्या.

माझा हात माउसवर थांबला.

"डोळे मिटले त्यांनी."

मुलगा ओशाळला. "आई, फोटो आहे तो."

"फोटो हाय ते मला दिसतंय. मिटले म्हणते ना मी."

त्या रडत नव्हत्या. आवाजही चढलेला नव्हता. दारात कुणी आलंय हे सांगावं तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं होतं. मी प्रिंट काढून दिली. त्यात डोळे अर्थातच उघडे होते. मावशींनी प्रिंटकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलगा दंडाला धरून बाहेर नेईपर्यंत त्या स्क्रीनकडेच बघत होत्या.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. जेवण झाल्यावर मी ती फाइल पुन्हा उघडली. का उघडली, सांगता येणार नाही. आधी काहीच दिसलं नाही. मग चेहरा पूर्ण स्क्रीनभर केला आणि वरची पापणी हलली.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. गाल स्थिर, नाक स्थिर, कपाळावरचं उभं गंध स्थिर. फक्त दोन्ही पापण्यांच्या कडा आणि मिटलेल्या ओठांची रेघ तेवढी थरथरत होती. झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाची पापणी थरथरते तशी. बाहेर रस्त्यावर भर उन्हात रिक्षावाल्यांची बोलणी ऐकू येत होती आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

मी दुसरे फोटो उघडले. एका नवरीच्या पापण्या हलत होत्या. बारशाच्या पत्रिकेतल्या बाळाच्या हलत नव्हत्या. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फक्त चष्म्याची वरची कड वळवळत होती. शेवटी मी नको ते केलं. माझा स्वतःचा पासपोर्ट फोटो उघडला. पापण्या हलत होत्या, आणि ओठांच्या रेघेकडे बघताना वाटलं, ही बाई आता काहीतरी बोलणार आहे. कॉम्प्युटर नीट बंद करायचंही मला सुचलं नाही. सरळ बटण दाबून वीज तोडली.

पुढचे दोन दिवस मी काम केलं, पण प्रत्येक चेहऱ्यावर आधी पांढरा चौकोन ठेवायचे, अक्षरं लावायचे आणि प्रिंट द्यायच्या वेळी चौकोन काढायचे. घरी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

तिसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. चेहऱ्यांचं काही बोलले नाही, "स्क्रीन हलते" एवढंच म्हणाले. त्यांनी सेटिंग उघडलं आणि हसले.

"ताई, रिफ्रेश रेट चुकीचा बसलाय. पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवायचा, तो आकडा. हा तुमचा टीव्ही अर्धं चित्र आत्ता दाखवतोय, अर्धं पुढच्या क्षणाला. एक ओळ सोडून एक. जाड वस्तूंना फरक पडत नाही. पण आडवी बारीक रेघ असली की ती एकदा दिसते, एकदा गायब."

"आडवी बारीक रेघ," मी म्हणाले. शिरोरेषा. पापणी. ओठ.

त्यांनी यादीतला दुसरा आकडा निवडला. सगळं जागच्या जागी थांबलं. ते गेल्यावर मी एकेक चेहरा उघडून पाहिला. कुणीच हललं नाही. खूप हलकं वाटलं, आणि आपण घाबरलो होतो याची लाजही वाटली.

तेरावा झाल्यावर मावशी रिक्षा करून एकट्याच आल्या. "एकदा दाखव ना मला."

त्यांना खरं सांगायचं मी ठरवलं. यजमानांचा फोटो उघडला, मुद्दाम जुना आकडा लावला. पापण्या थरथरल्या. मग नवा लावला. थांबल्या. "मावशी, मशीनचा दोष होता. मलाही दिसलं होतं. मीही घाबरले होते."

त्यांनी पुन्हा जुना आकडा लावायला सांगितलं. पुढे वाकून बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"हे नव्हतं ते. हे तर नुसतं थरथरतंय. त्यांनी मिटले होते. एकदाच, सावकाश, आणि परत उघडले."

मी नवा आकडा परत लावला.

"लकवा झाल्यापासून वाचा गेली होती त्यांची. हो म्हणायचं असलं की असेच डोळे मिटायचे. त्या दिवशी मी मनात इचारलं होतं, घर बंद करून पोराकडं जाऊ का म्हणून." त्या उठल्या, पदर सारखा केला. "परवा जातेय मी."

मुलगा पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला आहे. नंतर वर्षश्राद्धाचं कार्ड करायला तो आला. आई तिकडे छान रमली म्हणाला. एकलहऱ्याचं घर अजून कुलूपबंदच आहे. पैसे देऊन झाल्यावरही तो काउंटरपाशी घुटमळला.

"ताई, एक विचारू? त्या दिवशी आई म्हणाली, तेव्हा तुम्हाला काही दिसलं होतं?"

"नाही," मी म्हणाले. "मी कॉलर सरळ करत होते. चेहऱ्याकडे लक्षच नव्हतं."

"मला दिसलं होतं," तो म्हणाला, आणि कार्डांचा गठ्ठा काखेत मारून निघून गेला.