आईचे पालक

बारावीनंतर माझं नाव कॉलेजात घालायला आई सोबत आली, आणि दुसऱ्या दिवशी तिचंही नाव तिथे घातलेलं होतं.

तसं काही ठरवून झालं नाही. बीएच्या पहिल्या वर्षाच्या बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. प्रवेशाच्या टेबलावर बसलेले सर दिवसभर उन्हात बसून कंटाळले असावेत. माझे कागद तपासता तपासता ते हसत आईला म्हणाले, "बाई, तुम्ही बारावी झालेल्या दिसता. तुम्हीही घेऊन टाका अॅडमिशन."

आई हसली नाही. तिने विचारलं, "कागद काय काय लागते?"

ती आरमोरीला बारावी झाली होती, आणि लग्नात सोन्याच्या डोरल्याइतकीच जपून तिने आपली मार्कशीट आणि टीसी आणली होती. हे मला माहीत होतं, पण ती मार्कशीट ती कधी वापरेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती चामोर्शीकडच्या आमच्या गावाहून एकटीच बसने गेली आणि पावती घेऊन परत आली. बाबा तेव्हा धानाच्या बांधीत चिखलात होते. ते म्हणाले, "बरं केलं." त्यांना वाटलं, माझीच पावती आहे.

खरा प्रश्न उभा राहिला तो शासनाच्या फीसवलतीचा. धानाच्या शेतीत एकीची फी निघते, दोघींची निघत नाही. म्हणून दोघींनीही अर्ज करायचा ठरलं. शिष्यवृत्तीचं काम बघणारे बाबू जाड चष्म्याचे आणि थंड स्वभावाचे होते. त्यांनी माझे कागद दोन मिनिटांत बाजूला ठेवले आणि आईचे हातात धरून बसले.

"बाई, मार्कशीटवर नाव एक, आधारवर दुसरं. ह्या दोन बाया झाल्या."

"एकच हाय भाऊ. मधात लगन झालं."

"मग लग्नाचं प्रमाणपत्र आणा."

आमच्या गावात कोणाकडेच लग्नाचं प्रमाणपत्र नव्हतं. लग्न सगळ्या गावाने जेवून पाहिलेलं असायचं, तेवढं पुरत असे. बाबांना आता ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करायला जावं लागलं. ग्रामसेवकाने पत्रिका आणि फोटो मागितला. पत्रिका उंदरांनी खाल्ली होती. फोटो एकच होता, आणि त्यात बाबांचं तोंड मुंडावळ्यांच्या मागे पूर्ण झाकलेलं होतं.

"हा नवरदेव तुम्हीच कशावरून?" ग्रामसेवकाने विचारलं.

बाबांनी फोटो जवळ घेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "पायातले बूट माहे हायेत."

शेवटी लग्नात पंगत वाढणारे दोन म्हातारे साक्षीला उभे राहिले आणि माझ्या आईबाबांचं लग्न, मी अठरा वर्षांची असताना, शासनाने मान्य केलं. घरी येताना बाबा आईला म्हणाले, "आता पलटता येत नाई बाप्पा." आईने ऐकलंच नाही. ती पुढच्या कागदाच्या विचारात होती.

पुढचा कागद म्हणजे गॅप सर्टिफिकेट. बारावी आणि कॉलेज यांच्यामध्ये खंड पडला असेल, तर त्या काळात दुसरीकडे कुठे शिकत नव्हतो असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं असतं. इतर मुलांचा खंड एका वर्षाचा, फार तर दोन वर्षांचा. आईचा खंड माझ्या वयापेक्षा मोठा होता. तहसीलसमोरच्या टपरीत टाईप करून देणारा एक पोरगेलासा माणूस होता. आम्ही तिघेही त्याच्यासमोर बाकावर बसलो.

"काकू, मधातल्या काळात कुठी अॅडमिट झाल्ता का?"

"झाल्ती ना," आई म्हणाली.

त्याचे हात थांबले. "कुठी?"

"गडचिरोलीले."

"कोनत्या वर्षी?"

"पयल्यांदा ही झाली तेव्हा." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "मंग हिचा भाऊ झाला तेव्हा. अन एकदा मलेरिया झाल्ता. सलाईन लावली होती."

त्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. जरा वेळाने तोंड पुसून त्याने समजावून सांगितलं की दवाखान्याची भरती वेगळी आणि कॉलेजची भरती वेगळी. मग त्याने खंडाचं कारण विचारलं. त्याच्याकडे तीन कारणं तयार होती: आजारपण, घरगुती अडचण आणि स्पर्धा परीक्षेची तयारी.

"लगन," आई म्हणाली.

"मग घरगुती अडचण लिहितो."

"काऊन?" बाबा बाकावरून अर्धे उठले. "मी अडचण हाव का?"

"लिवा भाऊ तुमी," आई टाईप करणाऱ्याला म्हणाली, "लिवा."

कागद घेऊन कॉलेजात गेलो तर बाबू म्हणाले, आता पालकाची सही. माझ्या फॉर्मवर बाबांनी सही केली. आईच्या फॉर्मवर कोणी करायची? आईचे वडील आरमोरीला होते. त्यांना फोन लावला, तर आजोबांना ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांना एवढंच कळलं की लेकीची फी भरायची आहे. "लगन करून देल्लं ना वो!" ते ओरडले, "अजून फी राह्यलीच का?" बाबूंनी नियम उलगडून पाहिला. लग्न झालेल्या बाईसाठी नवऱ्याचं उत्पन्न धरायचं, म्हणजे पालकही नवराच. बाबांनी दुसऱ्या फॉर्मवर सही केली. खाली हमीपत्र होतं: माझे पाल्य नियमित वर्गात हजर राहील. बाबांनी ते मोठ्याने वाचलं, एकदा आईकडे पाहिलं आणि खाली आणखी एक सही ठोकली.

वर्गात आई पहिल्या बाकावर बसायची आणि मी शेवटच्या. सुरुवातीला मला लाज वाटायची, हे खरं आहे. सर वर्गात आले की ती उभी राहायची, आणि तिच्या वयाकडे पाहून सरही क्षणभर उभेच राहायचे. पण मुलींना ती आवडली. डब्यातलं वांग्याचं भरीत सगळ्या मुलींना पुरवणारी वर्गमैत्रीण कोणाला नको असते?

मग धानाची रोवणी आली. रोपं, म्हणजे पऱ्हे, तयार झाले, रोवायला बाया मिळेनात, आणि आई कॉलेज सोडून बांधीत उतरली. माझी हजेरी चालू राहिली, तिची गेली. फीसवलतीला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. महिन्याभराने कॉलेजने ज्यांची हजेरी कमी त्यांच्या पालकांना बोलावलं.

बाबा धुतलेला शर्ट घालून आले. मी सोबत होते. त्याच सरांनी, ज्यांनी आईला गमतीने प्रवेश घ्यायला सांगितलं होतं, बाबांना खुर्ची दिली आणि रजिस्टर उघडलं.

"तुमची पाल्य वर्गात येत नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "काऊन वो? रोज तर डबा घेऊन जाऊन राह्यली तू."

"ही नाही," सर म्हणाले, "दुसरी."

शाळेत मास्तरांसमोर बसावं तसे बाबा बसले, गुडघ्यांवर हात ठेवून.

"घरी काय करते ती?" सरांनी विचारलं. सवयीचा प्रश्न होता, सगळ्या पालकांना विचारायचा.

"सयपाक," बाबा म्हणाले. "अन रोवना. अन गाईचं शेन. अन धुनं." ते यादी सांगत गेले, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज हळू होत गेला. मग ते उठले. "सर, मी हमी लिवून देल्ली हाय. उद्यापासून येते ती."

त्या दिवसापासून बाबा खरोखर पालक झाले. सकाळी ते चूल पेटवायचे. त्यांचा भात खालून करपलेला आणि वरून कच्चा असायचा, आणि माझा भाऊ ताटाकडे पाहून रोज विचारायचा, "आई कोनत्या वर्षाले पास होते?" एकदा आई म्हणाली, "आज मले नाई जमत, डोकं दुखून राह्यलं." बाबांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "ताप नाई. चाल, उठ." धान कापणीलाही त्यांनी तिला बांधीत येऊ दिलं नाही. शेजारणी हसल्या. ते म्हणाले, "तिची परीक्षा हाय." हे सांगताना त्यांची मान जरा ताठ असायची.

आईची हजेरी भरली आणि तिचा अर्ज मंजूर झाला. माझा परत आला.

बाबूंनी स्क्रीनवर शेरा दाखवला: आईचा व्यवसाय चुकीचा भरला आहे, दुरुस्त करा. मी त्या रकान्यात खरं तेच लिहिलं होतं. विद्यार्थिनी.

"गृहिणी करून टाकू," बाबू म्हणाले, "लगेच मंजूर होते."

मी हो म्हणणार होते. आई माझ्या मागे उभी होती.

"नाई," ती म्हणाली.

"बाई, पोरीची सवलत अडकून राह्यली."

"अडकू द्या. सयपाक अन अभ्यास, मी दोन्ही करतो ना घरी. मंग एकच काऊन लिवता? अन तुमच्याच कॉलेजात हाव मी."

बाबूंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी कपाटातून कोरं बोनाफाइड काढलं, आईचं नाव घातलं, ती या महाविद्यालयात बीए प्रथम वर्षाला शिकत असल्याचं लिहिलं आणि शिक्का मारला. मुलीच्या अर्जाला आईचं बोनाफाइड जोडायची त्यांची पहिलीच वेळ असावी. अपलोड झाल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "पाहू, आता काय म्हणते शासन."

शासन काहीच म्हणालं नाही. होळीच्या आधी माझाही अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला. मी वऱ्हांड्यात पळत गेले. बसची वेळ झाली होती, आणि घरी जाऊन बाबांना सांगायची घाई होती.

"आई, चाल! गाडी लागली."

तिने वही छातीशी धरली होती. तिने इतिहास घेतला होता, मी नव्हता घेतला.

"तू जाय पुढं," ती म्हणाली, "माहा तास हाय." आणि ती वर्गात गेली.