दिवाळी अंकातले अंधारकर्ते

माणसाला एखाद्या शब्दाचं वेड असावं, पण किती? अंधारकर्त्यांनी उमेदीची सगळी वर्षं विज्ञानकथा लिहिल्या आणि त्यातल्या एकीचंही नाव 'अंधार' किंवा 'काळोख' वगळून ठेवलं नाही. 'काळोखाचे बियाणे', 'शनीवरचा शिळा अंधार', 'अंधाराचे गुऱ्हाळ'. त्यात हे गृहस्थ नोकरीला वीज खात्यात, तक्रारींच्या फोनवर. त्यामुळे आण्णांनी त्यांना 'अंधारकर्ते' ही पदवी बहाल केली, तेव्हा ती कुणालाच समजावून सांगावी लागली नाही.

आण्णा म्हणजे आमचे संपादक. राजारामपुरीत त्यांचा छापखाना होता आणि तिथून दर वर्षी एक दिवाळी अंक निघायचा. नव्वदच्या दशकात मी तिथं कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायला लागले. श्रावण लागला की अंधारकर्ते सायकल भिंतीला टेकवून आत यायचे, कथेचे कागद माझ्यापुढं ठेवायचे आणि म्हणायचे, "पोरी, आत काय बी चुकलं तर चालंल. नावाला तेवढा हात लावायचा न्हाय." मी कधी लावला नाही. आण्णा लावायचे.

आण्णांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. "ओ अंधारकर्ते, दिवाळीचा अंक हाय ह्यो. लोक लक्ष्मीपूजनाला पाटाजवळ ठेवत्यात. समोरच्या पानावर रोषणाईच्या माळांची जाहिरात, आनि हिकडं तुमचा काळोख? जाहिरातवाला पुन्हा दारात उभा करील व्हय मला?" असं म्हणून ते लाल पेनानं नाव खोडायचे. नवी नावं सुचण्याच्या बाबतीत मात्र त्यांची मजल फार नव्हती. सूर्य विझतो आणि सगळी पृथ्वी गारठून मरते, त्या कथेला त्यांनी 'सोनेरी पहाट' हे नाव दिलं होतं.

गुऱ्हाळाच्या कथेवरून तर छापखान्यात रणच माजलं. बुध ग्रहावर राहायला गेलेल्या माणसांना महिनोन्महिने चालणाऱ्या लखलखाटात झोप लागत नाही, म्हणून तिथं उसाच्या रसासारखा काहिलीत अंधार आटवून त्याच्या ढेपी करतात आणि घरोघरी विकतात, अशी ती कथा. मला फार आवडली होती. आण्णांनी ती 'प्रकाशाचे गुऱ्हाळ' म्हणून छापली. दिवाळीनंतर कबनूरचे एक यंत्रमागवाले गृहस्थ अंक हातात घेऊन थेट आले. "पावणं, नाव वाचून बसलो," ते आण्णांना म्हणाले, "उजेड कवा येतोय म्हणून शेवटपतूर वाचत गेलो. आलाच न्हाय की." अंधारकर्ते नेमके तिथंच होते. त्यांनी त्या माणसाला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि आण्णांकडं बोट करून म्हणाले, "इचारा ह्यास्नी. उजेड हेनी घातलाय."

एकदा मी त्यांना विचारलं, "काका, पण अंधारच का?" त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "इतकी वर्षं फोनवर बसतोय. लाईट हाय म्हणून कधी कुनी फोन केलाय? लाईट गेली की मानूस इचारतोय, का गेली, कुठनं गेली, कवा येनार. प्रश्न पडायला अंधारच लागतोय. आनि प्रश्न पडल्याबिगर विज्ञान कसलं?"

पुढं भारनियमनाची वर्षं आली. लग्नाच्या पंगतीतही लोक त्यांना लाईटची वेळ विचारायचे आणि वाढपी भाताबरोबर दोन शिव्याही वाढायचा. अंधारकर्ते शांतपणे जेवायचे. एका दुपारी आमच्या घरची वीज गेली म्हणून मी फोन लावला. त्यांनी आवाज ओळखला. "चारला यील. बरं केलंस फोन केलास ते. 'पाळीव काळोख' कसं वाटतंय?" चांगलं आहे म्हटलं. "चांगलंच हाय. पर त्यो आण्णा ठेवतोय व्हय? एकदा, एकदाच माझ्या मनातलं नाव छापून येऊ दे. मग लिवायचं बंद केलं तरी चालंल."

मग आण्णांचे गुडघे गेले आणि जाहिरातीही आटल्या. हा शेवटचा अंक, असं त्यांनी एका वर्षी जाहीर केलं. अंधारकर्ते आले तेव्हा आण्णा मोठ्या मनानं म्हणाले, "या खेपेला पायजे तेवढा अंधार घाला. मी हात लावत न्हाय." अंधारकर्त्यांनी कागद पुढं केले. वर लिहिलं होतं, 'पृथ्वीवरचा उजेड'.

"शेवटच्या अंकात अंधार नगं," अंधारकर्ते खाली बघत म्हणाले. "उद्या लोक म्हनतील, अंधार छापला आनि आण्णाचा अंक बंद पडला." आण्णा चिडले. अंधार घालाच म्हणाले. अंधारकर्ते नाही म्हणाले. आजवर ज्या मुद्द्यावर भांडले, त्याच मुद्द्यावर दोघं बाजू बदलून भांडले आणि तितक्याच जोरात. शेवटी अंधारकर्ते रागानं सायकल घेऊन निघून गेले.

अंक निघाला त्या दिवशी ते आले. अनुक्रमणिका उघडली आणि तिथंच थबकले. तिथं छापलं होतं, 'चंद्रामागचा अंधार'. आण्णांनी त्यांना न विचारता, मला कॉम्प्युटरवरून उठवून बाजूला बसवून स्वतःच नाव बदललं होतं.

"बग पोरी," अंधारकर्ते माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्या मानसानं शेवटपतूर माझं एक बी नाव जसंच्या तसं छापलं न्हाय." बोलताना त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायची तसदी त्यांनी घेतली नाही. आण्णा म्हणाले, "संपादकाचा अधिकार हाय त्यो." मग दोघांनी चहा घेतला.

दोनेक वर्षांनी आण्णा गेले. अंधारकर्तेही निवृत्त झाले होते. परवा बाजारात भेटले, तेव्हा मी म्हटलं, "काका, आता वेळच वेळ आहे. एक मोठी कथा लिहा की." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"लिवली असती गं," ते म्हणाले. "पर नाव बदलायला कोन हाय आता?"