वारं आत जात न्हाय

बिरूमामा बाकावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, मान पुढं, तोंड उघडं. आठ महिन्यांतली ही कितवी खेप, ते मोजणं मी सोडून दिलं होतं. नेहमीसारखं मी नेब्युलायझरचं मास्क लावलं. नेब्युलायझर म्हणजे औषधाचा फवारा करून तो फुफ्फुसात पोचवणारं मशीन. दम्याच्या पेशंटला त्यानं थोड्या वेळात मोकळं वाटतं. मामांना कधीच वाटलं नव्हतं. तरी आम्ही लावत राहिलो, कारण केसपेपरवर 'दमा' लिहिलेलं होतं.

मी तुळजापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे. बिरूमामा अणदूरकडचे मेंढपाळ, पन्नाशीतले. बिडी नाही, तंबाखू नाही. पहिला एक्स-रे नॉर्मल आला. दुसऱ्यात एका खाजगी डॉक्टरांना डाग दिसला. थुंकीत काही सापडलं नाही, तरी त्यांनी टीबीच्या गोळ्या चालू केल्या. गोळ्यांनी कावीळ झाली, म्हणून त्या बंद केल्या. धाप तशीच राहिली. गावात मात्र टीबीचं घर म्हणून बोभाटा झाला आणि थोरल्या मुलीची जमलेली सोयरीक पाहुण्यांनी मोडली. मामांच्या बायकोनं, लक्ष्मीमामींनी, हे मला सांगितलं तेव्हा त्या रडल्याही नाहीत.

आमच्या डॉक्टरसाहेबांनी शेवटी दुखणं मनाचं आहे असं ठरवलं आणि झोपेची गोळी लिहिली. पोरीचं लग्न मोडल्याचं टेन्शन आहे, म्हणाले. लग्न दुखण्यामुळं मोडलं होतं. मला ते माहीत होतं. मी बोलले नाही.

त्या दिवशी लाईट गेली आणि मशीन बंद पडलं. घरघर थांबली तसा मला मामांचा श्वास ऐकू आला. दम्यात हवा सोडताना छातीत शिट्टी वाजते. मामांचा आवाज श्वास आत घेताना येत होता, आणि तो छातीतून नाही, गळ्यातून.

"मामा, अडतंय ते आत घेताना का सोडताना?"

"आत घेताना," ते थांबत थांबत म्हणाले. "पहिल्या दिवसापास्नं त्येच सांगायलोय बाई. वारं आत जात न्हाय."

खरंच सांगत होते. आम्ही दर वेळी 'धाप' एवढंच लिहून घेत होतो.

याआधी कधी ॲडमिट होता का, विचारलं. मामी म्हणाल्या, मागच्या पावसाळ्यात रानात मण्यार साप चावला होता. विषानं श्वास बंद पडला, म्हणून सोलापूरला अकरा दिवस घशात नळी घालून श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं. माणूस वाचला, ते प्रकरण संपलं, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. आम्हीही विचारलं नव्हतं. नळी जास्त दिवस राहिली की श्वासनलिकेला आतून जखम होऊ शकते. ती भरताना नलिका आकसत जाते. हे मी ट्रेनिंगला शिकले होते.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं.

"आता डायग्नोसिस सिस्टर करणार का?"

"नाही साहेब. घशाच्या डॉक्टरकडं चिठ्ठी तेवढी द्या."

दिली. वर न बघता.

सोलापूरला दुर्बिणीतून पाहिलं, तर श्वासनलिका पेनाच्या रिफिलपेक्षा थोडीच रुंद उरली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला आला असता तर फुगा घालून रुंद करता आली असती. आता फार लांबपर्यंत आकसलीय. त्यांनी गळ्याला खालून भोक पाडून नळी बसवली.

बिरूमामा जगले. आता चालताना धाप लागत नाही. पण हवा आता नळीतूनच ये-जा करते, म्हणून आवाज गेला. मेंढ्यांना हाळी देता येईना, म्हणून कळप विकला. टीबी नव्हताच, असं मामींनी मुलीच्या पाहुण्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि मुलाचं दुसरीकडं ठरल्याचं कळवलं. डॉक्टरसाहेबांची बदली झाली. या केसचं पुढं काय झालं, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

आता धापेचा पेशंट आला की मी मास्कला हात लावायच्या आधी शेजारी बसते आणि त्याचा श्वास ऐकते. मग मागची सगळी दुखणी विचारते. याला मशीन लागत नाही, रिपोर्ट लागत नाही. पाच मिनिटं लागतात. बिरूमामांना ती आठ महिन्यांत कुणी दिली नाहीत. मीही नाही.