बाईंची डी ड्राइव्ह

मुलचेरा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी चार वर्षं संगणक शिकवला. शिकवला म्हणजे काय, सात संगणक होते, त्यातले तीन चालायचे, आणि वीज असेल तेवढा वेळच चालायचे. मुलं तीन घरांतून तीन भाषा घेऊन यायची. काही बंगाली वसाहतींतली, काही गोंडी बोलणारी, उरलेली आपली मराठी. मी चंद्रपूरचा, चोविसाव्या वर्षी तिथे रुजू झालो. त्या गावात संगणकातलं मला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कोणालाच कळत नव्हतं, आणि ही गोष्ट मला फार आवडायची.

शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. वय पन्नाशीच्या पुढे. वैनगंगेच्या काठच्या, मासेमारी करणाऱ्या ढीवर घरातल्या. त्यांच्या घरात दहावी पास झालेल्या त्या पहिल्याच. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या आणि वर्गाचं दार ओलांडलं की लगेच ‘मले’, ‘तुले’वर यायच्या. यजमान बरेच आधी वारले होते. मुलगा पुण्याला नोकरीला होता. म्हातारपणी वडिलांना त्यांनी आपल्याजवळ आणून ठेवलं होतं. म्हाताऱ्याने सारी हयात नदीत आणि तलावांत जाळं टाकण्यात घालवलेली. कोणत्या तलावात कोणत्या महिन्यात कोणती मासोळी वर येते, कोणत्या बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, बांध कोणी घातला, जाळ्याच्या कोणत्या गाठीला काय म्हणायचं, हे सगळं त्यांना पाठ होतं. संध्याकाळी ते अंगणात बसून सांगायचे आणि बाई वहीत उतरवून घ्यायच्या.

मुलाने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना आईला पाठवून दिला. नातीच्या फोटोंच्या सीडी पाठवीन, त्या यावर पाहत जा, असं त्याने सांगितलं होतं. बाई तो पिशवीत घालून शाळेत घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “सर, हे चालवाले मले शिकवा. पण माह्यावर हासाचं नाई.”

मी हसलो नाही. खरंच सांगतो, तेवढा चांगला विद्यार्थी मला परत मिळाला नाही. मधल्या सुट्टीत त्या संगणकाच्या खोलीत यायच्या. एका बोटाने अक्षर शोधायचं, दाबायचं, पडद्यावर उमटलं की चष्म्यावरून पाहायचं. महिनाभरात त्यांना मराठी टाइप करता यायला लागलं. वह्यांतलं सारं त्या लॅपटॉपमध्ये घालू लागल्या. घालता घालता वडिलांना पुन्हा विचारायच्या, नवीन निघेल ते सरळ टाइप करायच्या. पुढेपुढे तर वही बाजूलाच पडली. जुन्या वह्यांना वाळवी लागली तेव्हा त्यांनी त्या चुलीत घातल्या. आता काय, सगळं लॅपटॉपमध्ये आहे, म्हणाल्या.

एकदा मी त्यांना सांगितलं होतं की विंडोज बिघडलं की सी ड्राइव्ह पुसून पुन्हा भरावी लागते, डीला मात्र धक्का लागत नाही. म्हणून जपायचं ते डीमध्ये ठेवावं. हे मी बोलून गेलो आणि विसरलो. त्या विसरल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी आपली सगळी फोल्डरं डीमध्ये हलवली. मला त्यांनी हे सांगितलं नाही. सांगायचं कारणही नव्हतं. सरांनी सांगितलं, त्यांनी केलं.

त्याच वर्षी पोळ्याच्या आधी त्यांचे वडील गेले.

दिवाळीनंतर माझ्या हाती लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीची सीडी आली. नागपूरला शिकत असलेल्या मित्राने पाठवली होती. एकाच संगणकावर विंडोजही ठेवायचं आणि लिनक्सही, सुरू करताना तो आपल्याला विचारतो की आज कोणतं पाहिजे, हे मी नुसतं वाचलं होतं. करून पाहायला हात शिवशिवत होते. माझ्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. शाळेच्या संगणकांना मुख्याध्यापक हात लावू देत नव्हते. राहिला बाईंचा लॅपटॉप.

मी बाईंना सांगितलं की यात व्हायरस येत नाही, मराठी फाँट शोधत बसावं लागत नाही, आणि तुमचं विंडोज आहे तसंच राहील. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण मला ते बाईंसाठी करायचं नव्हतं, माझ्यासाठी करायचं होतं, हे मात्र मी सांगितलं नाही. बाईंनी एकच विचारलं, “माह्या बाबाचं लिवलेलं राह्यते ना?” मी म्हणालो, ते आधी काढून ठेवतो, काळजी करू नका.

शनिवार होता. सकाळची शाळा सुटली. बाईंनी लॅपटॉप माझ्या हवाली केला आणि त्या आठवडी बाजाराला गेल्या, तासाभरात येते म्हणाल्या. लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, वीज असली तरच तो चालायचा, आणि दोन वाजता भारनियमन सुरू व्हायचं. मी घाई केली. माय डॉक्युमेंट्स उघडलं, त्यात बाईंचं फोल्डर दिसलं, ते पेन ड्राइव्हवर घेतलं. आत काय आहे ते उघडून पाहिलं नाही. सुरुवातीला शिकताना टाइप केलेली पाच-सहा पानं तेवढी त्यात होती.

सीडी घातली. पडद्यावर तीन पर्याय आले. सगळी डिस्क वापरायची, आहे तो भाग लहान करून जागा काढायची, किंवा आपल्या हाताने भाग पाडायचे. मी तिसरा घेतला, कारण तो जाणत्यांसाठी होता. तिथे सी आणि डी अशी नावं नव्हती, नुसती अक्षरं आणि आकडे होते. पहिला भाग विंडोजचा, हे मला कळलं. दुसरा म्हणजे डी. डी रिकामी असणार असं मी धरून चाललो. तो भाग काढून टाकला, त्या जागी लिनक्ससाठी नवे दोन भाग केले. खात्री आहे का, असं यंत्राने मला विचारलं होतं. मी हो म्हटलं.

बाई थैलीत वांगी आणि सुक्या मासोळ्या घेऊन परत आल्या तेव्हा मी खुशीत होतो. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि काळ्या पडद्यावरची दोन नावं त्यांना दाखवली. हे निवडलं की नवीन, हे निवडलं की तुमचं जुनं. बाईंनी कौतुकाने पाहिलं. मग म्हणाल्या, जुनंच लावा, मले पाहू द्या. विंडोज सुरू झालं. त्यांनी माय कॉम्प्युटर उघडलं आणि थोडा वेळ पाहत राहिल्या.

“सर, माही डी कुठी गेली?”

मी विचारलं, डीमध्ये काही होतं का? त्या म्हणाल्या, सगळंच होतं, तुम्हीच तर सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे न पाहता म्हणालो, नवीन टाकलं की कधीकधी डी लपते, सोमवारपर्यंत आणून देतो. तेवढ्यात वीज गेली. बाईंनी थैली उचलली आणि लॅपटॉप माझ्याकडेच सोडून, माझ्यावर विश्वास ठेवून घरी गेल्या.

त्याच वेळी लॅपटॉपला हात न लावता मी चंद्रपूर गाठलं असतं तर कदाचित काही वाचलं असतं. मी गेलो, पण उशिरा. आधी मी घाबरून दुसरंच केलं. रविवारी वीज आल्याबरोबर लिनक्स काढून टाकलं, ती जागा पुन्हा विंडोजला दिली, फॉरमॅट केली आणि तिला डी हे अक्षर दिलं. डी दिसायला लागली. आत काही नव्हतं. हे मी का केलं, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा वेगवेगळं दिलं आहे. खरं उत्तर एकच आहे. लिनक्स तिथे राहिलं असतं तर चूक कोणाची ते उघड दिसलं असतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी लॅपटॉप बाईंसमोर ठेवला. म्हणालो, डी आली परत, बाई, पण आत काही दिसत नाही. तुमच्याकडून काही दाबल्या गेलं होतं का?

हे वाक्य मी घरून ठरवून आलो नव्हतो. पण तोंडातून गेलं, आणि गेल्यावर मी ते मागे घेतलं नाही.

बाईंचा चेहरा काहीतरी आठवत असल्यासारखा झाला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “असन. गुरवारी दाबलं होतं मी काईतरी.”

मी मान हलवली. असं होतं कधीकधी, म्हणालो. वर त्यांना धीरही दिला.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन चंद्रपूरला गेलो. संगणक दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाला खरं काय ते सांगितलं. त्याला सांगताना काहीच जड गेलं नाही, तो बाईंना ओळखत नव्हता. दिवसभर त्याने खटपट केली. शेवटी म्हणाला, एकदाच पुसलं असतं तर बघता आलं असतं, तू त्याच्यावर दोनदा लिहिलंस. हाती काही लागलं नाही. बाईंना मी सांगितलं, चंद्रपूरलाही दाखवलं, निघत नाही. त्यांनी माझे आभार मानले. एवढ्या दूर माझ्यासाठी गेले, असं त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत होत्या.

पेन ड्राइव्हवरची पाच-सहा पानं मी परत दिली. त्यात तलावांची काही नावं होती, मरळ आणि झिंग्यांबद्दल थोडं होतं, आणि ‘माझे नाव’ हे दोनच शब्द वीस वेळा टाइप केलेले होते.

त्यानंतर बाईंनी लॅपटॉप उघडला नाही. पुण्याहून नातीच्या फोटोंची सीडी आली की ती पाकिटातच राहायची. मी चालवून दाखवतो म्हटलं तर नको म्हणायच्या. शिक्षकांना संगणकाची परीक्षा सक्तीची झाली तेव्हा बाकीचे सगळे सरावाला यायचे. बाईही यायच्या, पण दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायच्या. माउस धरा म्हटलं तर म्हणायच्या, “मी हात लावला का बिघडते, सर. तुमीच करा.” जिने महिनाभरात टायपिंग शिकून घेतलं होतं, तीच ही बाई. मला दर वेळी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी मी माउस हातात घेऊन त्यांचं काम करून द्यायचो.

पुढे मी आलापल्लीला गेलो, बाई निवृत्त होऊन माहेरच्या गावी राहायला गेल्या. ते गाव मार्कंड्यापासून दोन कोसांवर. तीन वर्षांनी महाशिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. आधी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर बहुतेक गेलोच नसतो.

बाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मी ज्यासाठी आलो होतो ते तिथेच टाकून द्यावं असं वाटलं. चहा झाला. शाळेतल्या सगळ्यांची चौकशी झाली. मग मी सांगून टाकलं. सीडीपासून सोमवारपर्यंत सगळं, रिकाम्या डीसकट.

सूप मांडीवरच होतं, हात थांबला होता. माझं बोलणं संपल्यावर ते खाली ठेवून त्या म्हणाल्या, “मंग मी काय दाबलं होतं?”

“काहीच नाही, बाई. तुम्ही काहीच दाबलं नव्हतं.”

“काईच नाई?”

“काहीच नाही.”

मग त्यांनी सांगितलं. त्या शनिवारच्या दोन दिवस आधी त्यांना बाबांची फार आठवण आली होती, म्हणून त्यांनी डी उघडून सगळं पहिल्यापासून वाचून काढलं. वाचताना रडू आलं. डोळ्यांत पाणी असताना बोट कुठेतरी चुकीचं पडलं असणार, असं त्यांनी धरलं होतं. बाबाची आठवण म्हणून उघडलं आणि आपल्याच हाताने बाबाला पुसलं, हे घेऊन त्या इतकी वर्षं जगत होत्या. कोणती कळ, हे त्या अंथरुणात पडल्यापडल्या आठवून पाहायच्या. मुलालाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मी माफी मागितली. ती मागताना शब्द फार तोकडे वाटले. बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“चुकलं त्याचं काई नाई, सर. चुकते मानूस. पण तुमी मले उलटं इचारलं, मी हो म्हटलं, आन् तुमी आयकून घेतलं. तवा सांगाचं होतं.”

मी म्हणालो, अजून जे आठवतं ते सांगा, मी बसून लिहून घेतो, हवं तर दर रविवारी येतो. त्यांनी थोडा विचार केला. नदी उतरायला लागली की खडकांपाशी कोणती मासोळी अडकते, तिला बाबा काय म्हणायचे, अशा दोन-तीन गोष्टी त्यांनी सांगितल्याही. चौथीपाशी अडल्या. नाव ओठावर होतं, आलं नाही. मग म्हणाल्या, राहू द्या. बाबाच्या बरोबरीचे सगळे गेले, आता कोणाला विचारायचं.

मी निघालो तेव्हा त्या सडकेपर्यंत सोडायला आल्या. जत्रेतून परतणाऱ्या गाड्यांची गर्दी होती, त्यातल्या एकीला त्यांनी हात करून थांबवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, आमच्या शाळेतले सर आहेत, नीट बसवा. माझ्यासाठी पुढची जागा झाली. बाई घराकडे वळल्या. शाळेत असताना मी त्यांच्या घरून निघालो की पुन्हा या, असं त्या दर वेळी म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. मीही नंतर गेलो नाही.