बोलक्या खडकाची पाटी

पेंटरला गावात सगळे पेंटरच म्हणत. बायकोसुद्धा रागावली की "अहो पेंटर" म्हणायची, आणि ती बऱ्याचदा रागावलेली असायची, कारण माणूसच तसा होता. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण गिऱ्हाइकाने सांगितलं तेवढंच लिहून गप्प बसणं त्याला जन्मात जमलं नाही. एका तोंडाळ न्हाव्याच्या पाटीखाली त्याने न विचारता "नम्र सेवा" लिहून टाकलं. न्हावी तणतणत भांडायला आला, पण तोवर लोक पाटीकडे बोट दाखवायला लागले होते. थोड्याच दिवसांत तो न्हावी माणसांना "बसा" म्हणायला शिकला.

"एकदा लिहिलं की तसं वागावं लागतं," पेंटर मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचा. "आपण फक्त लिहून मोकळं व्हायचं."

पुढे छापील बॅनर आले आणि पाट्यांचं काम आटलं. राहिली ती मोटारसायकल. तरुणपणी तिच्या एका बाजूला शिडी बांधायची, मागे बायको, बायकोच्या मांडीवर रंगाचे डबे, अशा थाटात त्याने आसपासच्या सगळ्या बाजारपेठा रंगवल्या होत्या. रंग बायको कालवायची, अक्षरं तो काढायचा, आणि वाटेत दोघं मिळून गिऱ्हाइकांची टिंगल करायची. आता गाडी जुनी झाली होती आणि पेंटरचा उजवा पाय गाडीच्याही वरताण. अर्धा तास बसलं की कमरेतून कळ निघायची आणि पाय असा आखडायचा की दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवावा लागे.

लेकीने हे एकदा अंगणात पाहिलं आणि झालं. लेक शाळेत गणित शिकवायची. थाप कुठल्या पायरीवर घुसली हे तिला वही लांबून बघूनही कळायचं.

"बाबा, ब्रेकचा पाय आहे तो. गाडी विकायची. दूधवाला घ्यायला तयार आहे."

"पायाला काय धाड भरलीय? समुद्राच्या रस्त्याने दीपगृहापर्यंत जाऊन येतो, मग बोल."

बोलून गेला खरा, पण लेकीने शब्द खाली पडू दिला नाही.

"ठीक आहे. पुढचा नाही, त्याच्या पुढचा रविवार. आई तुमच्या मागे बसेल, मी आणि तुमचे जावई कारने मागून येऊ. बघण्यासारखं काही असेल तिथे खुशाल थांबा, हवं तेवढं थांबा. पण नुसत्या पायासाठी एकदा जरी थांबलात, तर चावी माझ्या हातात द्यायची."

पेंटर दुसऱ्याच दिवशी बसमध्ये खिडकी धरून बसला आणि समुद्राचा अख्खा रस्ता बघून आला. घरी सांगितलं, लांबचं गिऱ्हाईक आलंय. परत आल्यावर त्याने जुन्या पत्र्याच्या मागे खडूने रस्ता काढला. गावापासून अर्ध्या तासावर पडकी जकात चौकी होती, गवतात लोळत पडलेल्या तोफेसकट. तिथून पुढे तेवढ्याच अंतरावर लाकडी होड्या दुरुस्त करायचा कारखाना. मग मिठागरं. देवाने पाय दुखेल तिथे तिथे प्रेक्षणीय स्थळ ठेवलं होतं. पण मिठागरांनंतर देव कंटाळला असावा. दीपगृहापर्यंत झुडपं, वळणं, आणि एका वळणावर म्हशीएवढा काळा खडक, एवढंच. आणि पाय नेमका त्या खडकापाशी दगा देणार होता.

पेंटर दोन दिवस पत्र्यासमोर मांडी ठोकून बसला. खडकाला बघण्यासारखं ठरवायचं कसं? शिवाय बघण्यात एक गोम होती. बघणारी माणसं गाडीच्या काचेतूनच "छान" म्हणतात आणि पुढे सटकतात. ऐकायचं म्हटलं मात्र, की उतरावं लागतं, गप्प राहावं लागतं आणि वेळ द्यावा लागतो. पाय मोकळा व्हायला वेळच तर हवा होता.

तिसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळलेली पाटी घेऊन तो पुन्हा बसमध्ये चढला. निळ्या पाटीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: "बोलका खडक. कान लावून ऐका." आणि हात शिवशिवत होते म्हणून खाली बारीक अक्षरांत: "येथे घाई करू नये."

ठरलेला रविवार झकास उजाडला. जकात चौकीपाशी पेंटर हात मागे बांधून तोफेभोवती फेऱ्या मारत राहिला आणि तिच्याबद्दल इतकं काही सांगत सुटला की त्यातलं थोडं त्यालाही नवीन होतं. जावई सगळं मन लावून ऐकत होता. जावई भला माणूस; लिहिलेलं आणि मोठ्यांनी सांगितलेलं काहीही खरं मानायचा. होड्यांच्या कारखान्यात पेंटरने सुताराला एवढे प्रश्न विचारले की तो म्हणाला, उद्यापासून कामावरच या. मिठागरांत लेकीने चपला काढल्या आणि पांढऱ्या ढिगांमधून चक्क पळत सुटली. "बाबा, किती दिवसांनी अशी आलेय मी," ती म्हणाली. पेंटरला बरं वाटलं आणि लाजही वाटली. लाज त्याने गिळली, कारण पुढे खडक यायचा होता.

खडक आला, आणि पेंटरचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. वळणावर सहलीची एक बस उभी होती, सात-आठ कार होत्या, चहाची टपरी लागली होती. खडकापुढे रांग होती आणि एक गृहस्थ कोणी न नेमता रांगेला शिस्त लावत होते. "कान हळू टेकवा, घासू नका." एक आजीबाई डोळे पुसत सांगत होत्या की आवाज थेट आमच्या ह्यांचा, तसाच कुरकुरणारा. गाडी लावायला वीतभर जागा नव्हती.

लेकीने कारमधून हात हलवला. "बाबा, फार गर्दी आहे. चला पुढे, येताना बघू."

पेंटरचा पाय लाकूड झाला होता, ब्रेकवर आहे की नाही तेही कळत नव्हतं. त्यानेच लोकांना इथे थांबायला शिकवलं होतं आणि आता त्यालाच थांबायला जागा नव्हती. खरं सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं, तेवढ्यात मागून खांद्यावर थाप पडली.

"थांबवा," बायको म्हणाली. "मला ऐकायचंय."

ती उतरून मुकाट्याने रांगेत उभी राहिली. तिच्यामागे जावई धावला. पेंटरने बसच्या आडोशाला जाऊन गाडीची सीट धरली आणि पाय झटकत, चोळत, त्याला नाही नाही ते बोलत तिथेच उभा राहिला. बऱ्याच वेळाने बायको आली.

"काय म्हणाला गं खडक?" त्याने साळसूदपणे विचारलं.

"म्हणाला, निळा पातळ झालाय, अजून एक हात मारायला हवा होता. आणि तुमच्या अंगठ्याच्या नखात तो अजून तसाच आहे."

पेंटरने अंगठा मुठीत लपवला. "कधी कळलं?"

"लांबच्या गिऱ्हाइकाकडून माणूस बिनापैशाचा आणि एवढा खूश होऊन येतो, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"मला काय घरी बसायचंय?"

बसच्या कडेने लेक आली, तेव्हा पेंटरचा पाय पुन्हा दोन्ही हातांत होता. तो खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही.

"पाटी वाचली मी," ती म्हणाली. "'येथे घाई करू नये.' जगात दुसरं कोण लिहील हे?"

पेंटरने तोंड उघडलं, पण थाप आली नाही. खिशातून चावी काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवली. "पायासाठीच थांबलो. आधीचे थांबेही पायासाठीच. गाडी गेली की मी नुसता घरात बसलेला म्हातारा होईन, त्याची भीती वाटली. तुझी आई मागे बसली की मला अजून वाटतं, कुठेतरी काम लागलंय आणि आम्ही दोघं निघालोय."

लेकीने चावी मुठीत धरली. आई समुद्राकडे बघत होती आणि पदराच्या टोकाने उगीचच गाडीची टाकी पुसत होती. पलीकडे जावई खडकाला कान लावून उभा होता, डोळे मिटून, आणि रांगेतले लोक कुरकुरायला लागले होते.

"एकदा लिहिलं की तसं वागावं लागतं, असं तुम्हीच म्हणता ना?" लेक शेवटी म्हणाली. "मग उद्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर लिहायचं. मी सांगीन तेच. एक अक्षर जास्त नाही."

दुसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली आणि पेंटरने आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाने सांगितलं तेवढंच लिहिलं: "ही गाडी दर अर्ध्या तासाने थांबते." निळा बायकोने कालवला होता, चांगला दाट. लेकीने अक्षर अन् अक्षर तपासलं आणि मगच चावी दिली.

"चहा टाकते," बायको म्हणाली आणि लेकीला घेऊन आत गेली. पेंटर ब्रश धुवायला म्हणून मागे राहिला.

पुढच्या रविवारी दोघं निघाली. लेक फाटकात उभी राहून हात हलवत होती. गाडी कोपऱ्यावर वळताना उन्हात आली, तेव्हा कुठे तिला त्या ओळीखालची दुसरी, बारीक ओळ दिसली: "कारण विचारू नये."