कोनाड्याच्या मापाची गिटार

कन्हेरीच्या बिरदेवला माणसं आवडत नाहीत. लाकडं आवडतात, पण तीही सगळी नाहीत. बाभळीला तो हट्टी म्हणतो, सागाला मिजासखोर. प्लायवूडबद्दल तो बोलतच नाही, नुसता थुंकतो.

त्याचे वडील गावात दारं-खिडक्या करायचे. बिरदेव सोळाव्या वर्षी मिरजेला गेला आणि सतारी करणाऱ्या एका उस्तादांच्या हाताखाली अकरा वर्षं राहिला. परत आला तेव्हा त्याला लाकडावर टिचकी मारून त्याचा सूर सांगता येत होता. चारी बाजूंनी ऊस वाढत असलेल्या मुलखात या विद्येचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. मग तो भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करू लागला आणि प्रत्येक पेटी परत देताना भजनी मंडळाला नावं ठेवू लागला.

पुढं बारामतीच्या कॉलेजांतल्या पोरांना गिटारचं वेड लागलं. मान मोडलेली एक गिटार त्याच्याकडे दुरुस्तीला आली. त्यानं ती उघडली आणि आतला दाबून चिकटवलेला पातळ प्लाय पाहिला.

"ह्याला वाद्य म्हंत्यात व्हय? ह्यापरीस आंब्याची पेटी बरी. निदान वास तरी येतो."

बिरदेवची पहिली गिटार या तिरस्कारातून झाली. प्रेमानं त्यानं काही केल्याचं गावात कुणाला आठवत नाही.

त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीवर तीन फर्मे टांगलेले आहेत. फर्मा म्हणजे गिटारच्या धडाचा आकार कापलेली फळी; ती लाकडावर ठेवायची, भोवतीनं पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेवर करवत चालवायची. मोठा, मधला आणि लहान. त्याच्या बायकोनं, म्हाळसानं, त्यांची नावं ठेवलीत: म्हैस, गाय, शेळी. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हशीकडं बोट दाखवतं. जिथं फ्लेक्सवरच्या फोटोच्या उंचीवरून माणसाची किंमत ठरते, तिथं दुसरं काय होणार? एकानं तर गिटार ट्रॅक्टरच्या लाल रंगात मागितली होती. बिरदेवनं त्याला सरळ ट्रॅक्टरच वाजवायला सांगितला.

यंदा मार्चमध्ये डाळजचे रणजितशेठ आले. सोबत त्यांची मुलगी संस्कृती, अकरावीतली. दहावीचा निकाल लागल्यावर शेठनी तिला शब्द दिला होता, हातानं घडवलेली गिटार करून देऊ. एकदाच, पुन्हा मागायची नाही. वर्षभर तो शब्द पुढं ढकलला गेला आणि बंगल्याचं काम संपल्यावर शेठना आठवला.

"बिरदेवराव, सगळ्यात मोठी करायची," शेठ दारातूनच म्हणाले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. "मापच घेऊन आलोय. चार फूट उंच, दीड फूट रुंद."

बिरदेवनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "कुणाचं माप हे?"

"कोनाड्याचं. हॉलमधी पीओपीत काढून घेतलाय. वरनं लाइट सोडलीय."

"मग गणपती बसवा की त्यात."

"गणपती देवघरात हाय. हितं पोरीची गिटार. पाव्हणं आलं की समूरच दिसली पायजे."

"आन् वाजवायची कवा?"

"वाजवंल की. काढायची, वाजवायची, परत ठिवायची."

म्हाळसा चहाचे कप घेऊन आली होती. ती म्हणाली, "शेठ, पोरीलाच उभी करा की कोनाड्यात. लाइट तर हायच."

शेठ मोठ्यानं हसले. अपमान समजायलाही थोडी सवड लागते, आणि शेठच्या दोन्ही खिशांत फोन वाजत होते.

बिरदेवनं कागदाचा बोळा करून भुशात टाकला आणि संस्कृतीला स्टुलावर बसवलं. टेप काढून त्यानं तिचा हात खांद्यापासून कोपरापर्यंत मोजला, मग मनगटापर्यंत, मग पंजा. शिंपी झंपराला माप घेतो तसं. ती मान खाली घालून बसली होती.

"शेळी," त्यानं निकाल दिला. "हाडापेरानं बारीक हाय पोरगी. शेळीच बसंल."

"शेळी?" शेठ चहा पिता पिता थांबले. "आमच्या बंगल्यात? लोक म्हंतील, शेठनी पोरीला खेळणं आणलं."

"लोकास्नी म्हणावं, तुमीच वाजवा मग म्हैस."

दोघांचं असं बराच वेळ चाललं. शेठ इज्जतीवर बोलत होते, बिरदेव विद्येवर, आणि दोघांचा आवाज सारखाच चढत होता. ज्या मुलीसाठी हे चाललं होतं तिच्याकडं दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही.

"वाजवून बघू का?" संस्कृतीनं विचारलं.

हे कुणालाच सुचलं नव्हतं.

खुंटीला एक तयार शेळी लटकत होती, इंदापूरच्या एका शिक्षिकेसाठी केलेली. संस्कृतीनं ती मांडीवर घेतली. कुठल्यातरी जागरणात ऐकलेली चाल होती. ती खालच्या सुरांवर सुरू झाली, मग एकाच तारेवर बोट घसरवत वर चढू लागली. सतारीवर घसीट घेतात तशी. बिरदेवची मान आपोआप वळली. चाल चढत चढत गिटारच्या खांद्याशी, मान धडाला मिळते तिथं आली, तिचं मनगट लाकडावर आपटलं आणि सूर हुकला. उरलेला सूर तिनं तोंडानं म्हटला.

तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा मनगट तिथंच आपटलं, पुन्हा तोंडानं म्हटलं. तिच्या मनगटाजवळ एक जुना काळपट वळ होता. घरची गिटार वाजवतानाही हेच होत असणार.

"चुकतंय तुझं," बिरदेव म्हणाला. "तितं जायचंच कशाला? गिटारचं काम तितं संपतं."

"माझं न्हाय संपत." तिनं गिटारच्या खांद्यावर बोट ठेवलं. "काका, हितं खाच पायजे. हात आत जाईल एवढी."

बिरदेवचं तोंड प्लायवूड पाहिल्यासारखं झालं. "खाच? उंदरानं कुरतडल्यावानी? तसली गिटार नाचणारी पोरं घेत्यात, फोटोपुरती. माझ्या हातनं धडाचा खांदा तुटायचा न्हाय."

"आन् कोनाड्यात ती वाकडी दिसंल," शेठनी त्याला पहिल्यांदाच दुजोरा दिला.

संस्कृतीनं दोघांकडे पाहिलं. ती चिडली नव्हती. तिच्या आवाजात नुसता कंटाळा होता आणि तो तिनं दोघांना सारखाच वाटून दिला.

"पप्पा भिंतीचं माप घेऊन आले. काका, तुमी हाताचं घेतलं, तेबी हात गप असताना. वाजवताना माझा हात कुठं असतो ते कुणी बघितलं?"

म्हाळसा पदर तोंडाला लावून हसली. शेठना तेवढ्यात एक अत्यंत महत्त्वाचा फोन आला आणि ते बाहेर गेले.

"शेळीत खालचं सूर कोंडल्यासारखं होतंय," ती पुढं म्हणाली, आता फक्त बिरदेवला. "म्हशीवर हात टाकला की खांदा कानाला लागतो, माझी जुनी तसलीच हाय. गाय चालंल. पण खाच पायजे."

बिरदेवनं माळ्यावरून देवदाराची फळी काढली. उभी चिरून पुस्तकासारखी उघडलेली, दोन्ही पानांवर लाकडाच्या रेषा एकमेकींचं प्रतिबिंब असल्यासारख्या. तशी त्याच्याकडे एकच होती. त्यानं फुंकर मारून धूळ उडवली, वर गायीचा फर्मा ठेवला आणि पेन्सिल फिरवली. संस्कृती पुढं झाली. तिनं त्याच्या हातातून पेन्सिल घेऊन खांद्यावर खाचेची रेघ ओढली. रेघ थरथरली, मध्येच फुगली.

"रेघ मारता येत न्हाय, आन् मला गिटार सांगतीया," बिरदेव म्हणाला. त्यानं पॉलिश पेपरानं ती रेघ घासून टाकली. संस्कृतीचा चेहरा पडला. एकदा करवत फिरली की फळी पुन्हा जुळत नाही, हे तिलाही कळत होतं.

"बस," तो म्हणाला. "वाजव परत. तीच चाल."

ती वाजवू लागली. बिरदेव गुडघ्यावर बसला आणि त्यानं डोकं तिच्या डाव्या मनगटाशी नेलं. चाल वर चढली, मनगट लाकडावर आपटलं. "पुना," तो म्हणाला. तिनं पाच वेळा वाजवली. पाचही वेळा तो तिथंच पाहत होता, तोंड वाकडं करून.

मग उठून त्यानं फळीवर खाचेची नवी रेघ काढली. तिनं काढली होती त्याच जागी, पण तिच्या रेघेपेक्षा बोटभर खोल.

खांद्याचं लाकूड गेलं की आवाज कमी होणार, मिरजेत कुणी बघितलं तर दारात उभं करायचं नाही, आजकालच्या पोरींना अक्कल नाही, असं तो एकसारखं पुटपुटत होता. पुटपुटतच त्यानं संस्कृतीला फळीचं दुसरं टोक धरायला लावलं आणि रेघेवर करवत टेकवली.