टाकीत उतरलेला माणूस

काल्हेरच्या खाडीवर पाटलांचं बार्ज, म्हणजे माल वाहायच्या सपाट बोटी, दुरुस्त करायचं यार्ड आहे. थोरले दौलतशेठ व्यवहार बघायचे, धाकटा महादू कामावर असायचा आणि महादूची बायको ललिता ऑफिस सांभाळायची. यार्डामागच्या कातकरी पाड्यातला चिंतू मुकणे सतरा वर्षं तिथं बार्जचा गंज खरवडत होता.

गेल्या वर्षी माघात एक जुनं बार्ज ओढून काठावर घेतलं. त्याच्या तळाच्या टाक्या कित्येक महिने बंद होत्या. झाकण उघडलं आणि चिंतू नेहमीसारखा हातोडी घेऊन शिडीनं खाली उतरला. बंद टाकीत गंज हवेतला प्राणवायूच खाऊन टाकतो, हे कुणी त्याला कधी सांगितलं नव्हतं. तीन-चार घाव घातले असतील, तोच तो कोसळला. त्यापुढचं त्याला काही आठवत नाही.

हाक मारून उत्तर येईना, तेव्हा महादू स्वतः दोरी घेऊन उतरला. त्यानं चिंतूच्या काखेत दोरी बांधली. वरच्यांनी चिंतूला ओढून काढलं. दोरी परत खाली सोडली, पण ती धरायला महादू शुद्धीवर नव्हता. अग्निशमन दलाचे लोक येईपर्यंत तो गेला होता.

चिंतू चार दिवसांनी इस्पितळातून घरी आला. पाटलांच्या घरातलं कुणी त्याला एका शब्दानं बोललं नाही. तेच त्याला जड जायचं. तो बायकोला, तानीला म्हणायचा, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." यार्ड सोडून वीटभट्टीवर जायचं त्यानं ठरवलं होतं, पण ललितानंच निरोप धाडला, म्हणून तो कामावर परतला.

दिवाळीच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाचं बार्ज आलं. त्याला दोन दिवसांत काम हवं होतं. टाकीचं झाकण सकाळीच काढलेलं. हवा सोडायचा पंखा बंद पडलेला.

"चिंतू, उतर खाली," दौलतशेठ म्हणाले.

"पंखा लागल्याबिगर न्हाय उतरणार, शेठ."

"अरे, झाकण उघडंच हाय ना?"

"तवाबी उघडंच व्हतं."

दौलतशेठांचा चेहरा लालबुंद झाला. "तुझ्या जिवापायी माझा भाऊ गेला. आणि तू मला न्हाय म्हणतोस?"

हातातली कामं थांबली. चिंतूनं मान खाली घातली आणि तो शिडीकडं निघाला. एक पाय आत टाकलाही. तेवढ्यात ललिता ऑफिसातून धावत आली आणि तिनं त्याचा दंड धरला.

"भाऊजी," ती दिराकडं न बघताच बोलली, "कुणाला उतरवायचंच असंल तर आधी मी उतरते."

दौलतशेठ तिथंच एका पत्र्यावर बसले. मग त्यांनीच फोन करून भाड्यानं पंखा मागवला. तो दुसऱ्या दिवशी आला. रात्रभर टाकीत हवा सोडली, सकाळी माणसं उतरली. गिऱ्हाईक चिडलं, त्यानं पुढची दोन बार्ज दुसरीकडं नेली.

तेव्हापासून दौलतशेठ चिंतूशी बोलत नाहीत. काम सांगायचं झालं तर दुसऱ्याकडून सांगतात. चिंतू ऐकतो आणि करतो.

एकदा तो रजेचं सांगायला ऑफिसात गेला. ललितानं पेन खाली ठेवलं.

"चिंतू, एक विचारू? त्या दिवशी टाकीत खाली आल्यावर ते तुला काय बोलले का रे?"

काहीतरी सांगावं असं त्याला फार वाटलं. माझी काळजी करू नका म्हणाले, असं काहीही. पण खोटं बोलायला जीभ वळेना.

"मी शुद्धीवरच नव्हतो, वहिनी."

तिनं मान हलवली. "कधी येशील परत?"

"सोमवारी," तो म्हणाला.